टी-शर्टचा साइज सांगा!

थर्ड इयर संपत आलं की आपल्या कॉलेजात दोन जमाती तयार होतात. एक प्लेसमेंटवाल्यांची, दुसरी एमएसवाल्यांची. मी दुसऱ्या जमातीतला. जीआरईचा स्कोअर बरा, पॉइंटर काठावर, एक केटी (सुटली, पण मार्कशीटवर तिचा डाग राहिलाच!)... अशा माणसाने करायचं काय? कट्ट्यावर एका सीनियरने उपाय सांगितला, "प्रोफाइलमध्ये काहीतरी सोशल टाक. फॉरेनचं असेल तर बेस्टच. तिकडच्या लोकांना आवडतं."

आमच्या बजेटमध्ये बसणारं फॉरेन एकच, नेपाळ. शोधाशोध केल्यावर एक कार्यक्रम सापडला. काठमांडूजवळच्या अनाथाश्रमात दोन आठवडे राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, शेवटी दोन दिवस पोखरा दर्शन आणि निघताना सर्टिफिकेट. माहितीपत्रकावर फोटो होता. एक गोरी मुलगी, तिच्या गळ्यात पडलेली पाच-सहा पोरं, मागे बर्फाचे डोंगर. तस्करीतून सुटलेल्या मुलांना तुमची गरज आहे, असं खाली लिहिलेलं. खोटं कशाला बोलू? मी एसओपीसाठी शोधत होतो हे खरं, पण तो फोटो बघून घशात काहीतरी आलं हेही तितकंच खरं.

फॉर्म भरला. नाव, ओळखपत्र, फोटो, घरचा फोन नंबर, कसली अॅलर्जी आहे का, शाकाहारी की मांसाहारी, आणि टी-शर्टचा साइज. मी 'मीडियम' लिहिलं आणि डिपॉझिट भरून टाकलं.

काय काय विचारलं नव्हतं, ते लक्षात यायला आठवडा गेला. नेपाळी येतं का? मुलांबरोबर कधी काम केलंय का? पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आहे का? काही नाही! आपल्या वर्कशॉपमध्ये लेथला हात लावायच्या आधी सर एप्रन आणि शूज बघतात. इथे आधीच एकदा फसवल्या गेलेल्या मुलांच्या खोलीत मला सोडणार होते, आणि माझी पात्रता काय, तर माझ्या मापाचा टी-शर्ट त्यांच्याकडे शिल्लक आहे.

हे डोक्यात घातलं ते आमच्या होस्टेलच्या वॉचमनने. तो पश्चिम नेपाळातल्या बाजुरा जिल्ह्याचा. तीन वर्षं आम्ही सगळे त्याला 'बहादूर' म्हणत होतो. एका रात्री चहा पिताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुम्हारे देश जा रहा हूँ." त्याला आनंद झाला. कुठे, विचारलं. काठमांडू म्हटल्यावर हसला. तो काठमांडूला आयुष्यात एकदाच गेलाय. त्याच्या भागातली माणसं कामाला थेट भारतात उतरतात.

"क्या काम?"

"अनाथ बच्चों को पढ़ाने."

"नेपाली आती है?"

"नहीं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हमारे उधर से भी बच्चे ले गए थे. बोला, काठमांडू में स्कूल डालेंगे. माँ-बाप तो गाँव में ही हैं."

"फिर वो अनाथ कैसे?"

"अनाथ तो वो काठमांडू जा के हुए ना, साब."

मला वाटलं, काहीतरी ऐकीव सांगतोय. पण रूमवर आलो आणि झोप लागेना. मग वाचायला सुरुवात केली. जे वाचलं त्यामुळे माझं मत पार उलटं झालं. तेच मत इथे मांडायचंय. आमच्यासारखे 'दोन आठवडेवाले' ज्या मुलांना वाचवायला जातात, त्यांतल्या बऱ्याच मुलांना घरापासून तोडण्याचा धंदा आमच्याच पैशांवर चालतो. त्यांना परत घरी पोचवण्याचं काम खरंच मोठं आहे. पण ते फोटोत न येणारं, कंटाळवाणं आणि वर्षानुवर्षं चालणारं काम आहे.

आधी एका माणसाची गोष्ट. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन. युरोपात बरी नोकरी होती, ती सोडून २००४ साली जगप्रवासाला निघाला. वर्षभर नुसतं हिंडणार म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून सुरुवातीला तीन महिने नेपाळमधल्या एका अनाथालयात काढायचं ठरवलं. हे त्याने स्वतःच पुढे आपल्या 'लिटल प्रिन्सेस' या पुस्तकात (२०११) कबूल केलंय. म्हणजे माझ्या एसओपीचा मोठा भाऊच! काठमांडूच्या बाहेर गोदावरी नावाचं गाव आहे (नाव आपल्याच नदीचं). तिथल्या त्या घरात अठराएक मुलं होती. सगळी अनाथ, असं सांगितलेलं. ती युद्धात होरपळलेल्या दूरच्या हुमला जिल्ह्यातून आलेली होती.

एक दिवस एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिथल्या दोन भावांची आई.

म्हणजे ही मुलं अनाथ नव्हतीच. हुमलात जाऊन एक माणूस आईबापांना सांगायचा की तुमच्या मुलांना युद्धापासून लांब ठेवतो, शाळेत घालतो. त्यासाठी त्यांच्याकडून पैसे घ्यायचा आणि मुलं काठमांडूत आणून टाकून द्यायचा. त्याच सुमारास ग्रेननला अशीच आणखी सात मुलं सापडली. त्यांची सोय लावून तो २००६ साली अमेरिकेला परतला, आणि इकडे ती सातही मुलं गायब झाली. ज्याने आणली होती, त्यानेच पुन्हा उचलली होती.

इथे बहुतेकांनी "फार वाईट झालं" म्हणून एक मोठी पोस्ट लिहिली असती. ग्रेनन परत गेला. पैसे उभे केले, नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था काढली, काठमांडूत हिंडून ती मुलं शोधली आणि २००६ च्या शेवटी मुलांचे फोटो घेऊन हुमलात पायी फिरला. गावोगाव फोटो दाखवून आईबापांचा पत्ता काढत गेला. मला वाटतं, पहिले तीन महिने ग्रेननला हवे होते, आणि पुढची वर्षं मुलांना हवी होती. आमचा कार्यक्रम फक्त पहिला भाग विकत होता.

हुमला कुठे आहे? कैलास-मानसरोवरला जाऊन आलेलं कोणी घरात असेल तर विचारा. नेपाळगंजहून लहान विमानाने सिमीकोट आणि तिथून पुढे तिबेटच्या सीमेवर हिल्सा, या वाटेने आपले बरेच यात्रेकरू जातात. ते सिमीकोट म्हणजे हुमलाचं मुख्य ठिकाण. २००६ साली तिथे गाडीरस्ता नव्हता. विमानातून उतरायचं आणि पुढे पायी, कित्येक गावांना काही दिवस चालत.

आता १९९६ ते २००६ हा काळ डोळ्यांसमोर आणा. नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात दहा वर्षं युद्ध चाललं. डोंगरातल्या गावांत माओवादी येऊन मुलांना सैन्यात ओढून न्यायचे. शाळा बंद पडलेल्या. अशा वेळी कोणी चांगल्या कपड्यातला, ओळखीचा माणूस आला आणि म्हणाला, "पोराला काठमांडूत शिकवतो," तर तुमचे-माझे आईबाबा काय करतील? शेत गहाण टाकतील, पण पोराला पाठवतील. या आईबापांनी मुलं विकली नव्हती. त्यांनी मुलं वाचवण्यासाठी पैसे मोजले होते! हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपण शहरात बसून "गरीब लोक पोरं विकतात" म्हणतो आणि मोकळे होतो.

युद्ध संपलं, पण धंदा संपला नाही. का? तर त्याला दुसरं इंधन मिळालं होतं.

या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था बरीच वर्षं सांगत आल्या आहेत की नेपाळमधल्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत आहेत. आणि दुसरा आकडा तर आपल्यासारख्या ग्राफवाल्या लोकांनी नीट बघावा असा आहे. देशात तेव्हा ७५ जिल्हे होते, पण सुमारे ९० टक्के बालगृहं फक्त पाच जिल्ह्यांत होती. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंडे आणि जंगल सफारी. अनाथ मुलं नेमकी पर्यटक जातात तिथेच कशी जन्माला येतात हो? प्लॉट काढला तर बालगृहांचा कर्व्ह अनाथांच्या नाही, पर्यटकांच्या कर्व्हवर बसतो.

कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरला आपण पॉझिटिव्ह फीडबॅकची आकृती काढतो ना, तशीच ही आहे. परदेशी पाहुणा पैसे भरून येतो. तो मुलांशी खेळतो, रडतो, घरी जाऊन आणखी देणगी पाठवतो, मित्रांना पाठवतो. चालकाला कळतं की मुलं जास्त म्हणजे पैसे जास्त. मग दलाल डोंगरात जातो, आणखी मुलं आणतो. आईबापांच्या मृत्यूचे खोटे दाखले बनतात, मुलाचं आडनाव बदलतं. 'कोणी विचारलं तर आईबाबा मेले सांगायचं' हे पाठ करून घेतलं जातं. काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यात ठेवल्याचं उघड झालंय, कारण नीटनेटक्या मुलाला बघून पाकीट उघडत नाही. या लूपचा इनपुट कोण? डिपॉझिट भरलेला, मीडियम साइजवाला मी!

हे फक्त नेपाळचं दुखणं नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथेही बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. ऑस्ट्रेलियात तर संसदेच्या समितीने २०१७ च्या अहवालात या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीचाच एक नमुना मानलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसं गेली. त्यानंतर तिथल्या सरकारने जे निर्णय घेतले त्यांत एक होता, आईबाप किंवा मान्य पालक बरोबर नसतील तर मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी. नवी बालगृहं नोंदवणंही थांबवलं. घरं पडलेली असताना सरकारला हे सुचावं, यावरून ओळखा की आपत्ती आली की दलाल किती झटपट पोचतात. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांमधली स्वयंसेवेची पर्यटनं आणि त्यातून होणारी तस्करी यांचा स्पष्ट उल्लेख केला.

असो. आकडे पुरे. मुलं परत घरी पाठवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते बघू. मला आधी वाटायचं, पत्ता काढायचा, गाडीत बसवायचं, आई धावत येते, मिठी, बॅकग्राउंडला म्युझिक! प्रत्यक्षात हे काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, कॉमेंट नसलेला कोड डीबग करणं. फरक इतकाच की चूक झाली तर प्रोग्रॅम नाही, मूल क्रॅश होतं.

सुरुवात कागदापासून करता येत नाही, कारण कागद खोटे. मग मुलाशी बोलायचं. चौथ्या-पाचव्या वर्षी आणलेलं मूल आईचं नाव काय सांगणार? 'आमा'! नदीचं नाव आठवतं का, घराजवळ देऊळ होतं की गुंफा, बाजाराला जायला किती दिवस लागायचे, मामाला काय हाक मारायचे... अशा धाग्यांवरून गाव ठरवायचं. एकाच नावाची गावं पुन्हा अनेक. मग कोणीतरी फोटो घेऊन चालत जायचं. फोटोतलं मूल दहा वर्षांचं, आईच्या डोळ्यांसमोरचं चार वर्षांचं. गावात कोणी म्हणालं, "हो, माझाच मुलगा," म्हणून लगेच हवाली करता येत नाही. शेजारी, शिक्षक, वॉर्डचं कार्यालय, सगळीकडे पडताळा घ्यायचा. चुकीच्या बापाच्या हाती मूल गेलं, तर आपण दुसरे दलालच.

घर सापडलं की खरं काम सुरू होतं. मूल घरातून गेलं का? कर्ज होतं, बापाने दुसरं लग्न केलं, शाळा नव्हती की नुसती भीती होती? ते कारण तसंच राहिलं तर मूल सहा महिन्यांत पुन्हा कुठेतरी पाठवलं जाणार. मुलाच्या मनात एकच प्रश्न असतो, "मला का टाकलं?" आणि आईबाप चक्रावतात, "आम्ही तर पैसे भरून शिकायला पाठवलं होतं!" दोघंही खरं बोलत असतात. त्यांच्या मध्ये बसून हे उलगडायला त्यांच्या बोलीत बोलणारं माणूस लागतं. त्यात मूल शहरात नेपाळी-इंग्रजी बोलत वाढलेलं, गावची बोली विसरलेलं. आईशी बोलायला दुभाषा लागावा, यापेक्षा मोठी चोरी कोणती? म्हणून आधी पत्र किंवा फोन, मग भेट, मग दशैंच्या सणाला चार दिवस घरी, मग शाळेची सोय, आणि मग कायमचं. त्यानंतरही वर्ष-दोन वर्षं कोणीतरी अधूनमधून जाऊन बघायचं की पोरगं शाळेत आहे ना, जेवतंय ना.

यात मी कुठे बसत होतो? देवनागरीमुळे मला नेपाळी पाट्या वाचता येतात, ही माझी फुशारकी. वाचता आलं म्हणजे रडणाऱ्या मुलाचं बोलणं कळलं, असं होत नाही. शिवाय दोन आठवड्यांत मुलाला लळा लागतो, आपण निघून जातो, पुढच्या सोमवारी नवा 'दादा' येतो. एकदा आईपासून तुटलेल्या मुलाला आपण दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोडत राहतो. आणि फोटो आपले छान येतात.

यावर आमच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाले. पहिला आक्षेप नेहमीचा, "काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं ना?" नाही, मित्रांनो. इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही मित्राला विचारा. माहिती नसताना चालू पॅनेलमध्ये हात घालणं हे 'काहीतरी करणं' नाही. तिथे हात मागे ठेवणं हेही कामच असतं.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. माझा रूममेट म्हणाला, "गावात ना शाळा, ना दवाखाना. काठमांडूत निदान इंग्रजी तरी शिकतात. परत पाठवून त्यांचं भलं करताय की नुकसान?" याला मी झटकन उत्तर देऊ शकलो नाही. रूममेट स्वतः गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातला, सातवीपासून होस्टेलवर. तो हवेत बोलत नव्हता. शिकायला घर सोडावं लागणं म्हणजे काय, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण उत्तर त्याच्याच आयुष्यात सापडलं. तो होस्टेलवर राहिला. त्याच्या बाबांनी फॉर्मवर सही केली, दिवाळीत घरी गेला, आई भेटायला आली. त्याला शिकवण्यासाठी कोणी त्याच्या आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले तयार केले नाहीत! होस्टेल आणि हे धंदेवाईक अनाथाश्रम यांत फरक आहे तो इतकाच, आणि इतका मोठा. आईबापांना पोराने शिकावं वाटतं, यात काहीच गैर नाही. मग तेच पैसे सिमीकोटच्या शाळेला, जवळच्या वसतिगृहाला, घरातल्या कर्जाला का मिळू नयेत? नेपाळचा २०१८ चा बालकायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानतो. मूल घरात राहून शिकेल यासाठी पैसा द्यायचा, की मूल घराबाहेर काढलं तरच पैसा द्यायचा, हे आपण देणारे ठरवतो. दलाल फक्त आपण ठरवलेल्या दिशेने चालतो.

अर्थात प्रत्येकाला घरी परत जाता येतंच असं नाही. त्याची एक आठवण आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर पोलिसांनी मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. सुटका झाली, पेपरात बातम्या आल्या. पुढे काय? या मुली कित्येक महिने सरकारी वसतिगृहांत अडकून पडल्या, कारण त्यांना परत घ्यायला त्यांचं सरकारच तयार नव्हतं. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि शंभराहून अधिक जणींना घेऊन गेल्या. घरी पोचल्यावरही सगळ्यांची दारं उघडली नाहीत. त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच १९९६ साली 'शक्ती समूह' सुरू केला. तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संस्था. २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातून एक गोष्ट कळली. बाहेर काढणं एका रात्रीचं काम असतं. परत नेणं वर्षांचं. आणि कुठे जायचं, कोणाकडे जायचं, हे ज्याला जायचंय त्याला विचारल्याशिवाय ठरवणं म्हणजे पुन्हा एकदा त्याला उचलून नेणंच.

मग आपण करायचं काय? नेपाळला जाऊच नये का? जा की! ट्रेकला जा, पशुपतिनाथाला जा, मोमो खा. पण कोणी अनाथाश्रमात सेवा करायला बोलावलं, तर फॉर्म भरण्याआधी चार प्रश्न विचारा. या मुलांपैकी किती जणांचे आईवडील हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? माझी पोलीस पडताळणी करणार का? मी गेल्यावर हे काम कोण पुढे चालवणार? दुसऱ्या प्रश्नाला "एकही नाही" असं उत्तर आलं, तर समजा की ते मुलांना घरी पाठवण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी आहे. परदेशी माणसाला या कामात जागा नाही असं नाही. हिशेब, निधी, नोंदी ठेवायच्या पद्धती, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, अशी मागच्या बाजूची बरीच कामं असतात. पण पुढे मुलासमोर बसायला तिथलीच, त्याच्या बोलीतली, पाच वर्षांनीही तिथेच असणारी व्यक्ती हवी.

आणि आपलं अंगण? एनएसएसच्या 'बालगृह भेटी'त मीही केक घेऊन गेलोय. पोरांना मध्ये बसवून ग्रुप फोटो काढलाय, इन्स्टाग्रामवर टाकलाय, शंभरेक लाइक्स घेतलेत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख जाहीर करणं गुन्हा आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तो फोटो मी काढून टाकला. तुमच्याही मोबाइलमध्ये असेल तर बघा. स्टेशनवर एखादं मूल एकटं, घाबरलेलं दिसलं, किंवा त्याच्याबरोबरचा माणूस त्याचं नावही धड सांगू शकत नसेल, तर १०९८ ला फोन करा. एवढ्याने कदाचित एक लूप सुरू व्हायच्या आधीच तुटेल.

मी बुकिंग रद्द केलं. डिपॉझिट परत मिळालं नाही. उलट, तुमचा टी-शर्ट तयार आहे, तारीख बदलून द्यायची का, अशी मेल आली! एसओपीत ती जागा रिकामीच राहिली. शेवटी मी केटीबद्दल लिहिलं, कशी लागली आणि कशी सोडवली. सीनियर म्हणाला, "येडा आहेस." असेन.

वॉचमनला जाऊन सांगितलं की जात नाही. तो हसला, म्हणाला, "जाना हो तो दशैं में हमारे घर चलो, मेहमान बन के." तेव्हा मी पहिल्यांदा त्याचं खरं नाव विचारलं. तीन वर्षांनी! आता आम्ही काही जण त्याला 'दाजू' म्हणतो. म्हणजे दादा.

सध्या मी शनिवारी इथल्याच एका मुलांच्या वसतिगृहात नववी-दहावीला गणित शिकवायला जातो. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनी पोलीस पडताळणीचा कागद मागितला, फोटो काढायचे नाहीत हे बजावलं आणि विचारलं, "किती महिने येणार ते आत्ताच सांगा. मध्येच सोडणार असाल तर सुरूच करू नका. मुलं वाट बघतात."

टी-शर्टचा साइज कोणी विचारला नाही.